खोलीपेक्षा गार

१

झाशीचा उन्हाळा काय चीज आहे, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून कळत नाही. एकदा नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की दुपारी सिविल लाइंसच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, नळाला चहा करावा इतकं तापलेलं पाणी येतं, आणि दार उघडलं की लू, म्हणजे उन्हाचा तापलेला वारा, अशी अंगावर येते, जसं कुणी भट्टीचं झाकण काढलं. अशा गावात, अशा महिन्यात, डोक्यावर थेट गच्ची असलेल्या वरच्या खोलीत शाल्मलीनं आपलं गेमिंगचं मशीन मांडलं होतं. हट्टी म्हणावं तर हट्टी. तिच्या आईच्या, नीरजाच्या शब्दांत सांगायचं तर बापावर गेलेली.

रविवारी दुपारी अंतिम सामना होता. पाच मुलींची टीम, पाचजणी पाच गावांत, आणि ग्वाल्हेरची रेवा त्यांची कॅप्टन. जिंकल्या तर बंगलोरची एक कंपनी टीमला वर्षभर पगारी ठेवून घेणार होती. हरल्या तर सोमवारी शाल्मलीनं बाबांच्या ऑफिसातल्या साहेबांना 'हो' सांगायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. बाबा गेले त्यांच्या जागी मुलीला घेतो, असं साहेब कधीपासून म्हणत होते. जागा म्हणजे तीच जागा. तेच टेबल, तीच खुर्ची. शाल्मली एकदा जाऊन पाहून आली होती. खुर्चीच्या गादीवर बाबांच्या बसण्याचा खळगा तसाच होता. त्या खळग्यात आता आपण बसायचं.

म्हणून जिंकायचंच होतं. आणि जिंकायचं तर कार्ड थंड राहायला हवं होतं.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं सगळं चित्र रंगवणारा भाग. तो फार तापला की स्वतःचा जीव वाचवायला काम मंद करतो. ऐन गोळीबारात चित्र अडखळतं आणि तेवढ्यात समोरचा तुमचा निकाल लावून मोकळा होतो. शाल्मलीनं होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं होतं. ब्लोअरनं धूळ उडवली, थर्मल पेस्ट बदलली, कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. एसीचं नाव काढायची सोय नव्हती. घराची वायरिंग अशी की कूलर चालू असताना इस्त्री लावली तरी फ्यूज उडायचा. कूलरची ओलीचिंब हवा कार्डावर सोडावी तर शॉर्ट सर्किटची धास्ती. दुसरीकडे जाऊन खेळावं तर नोंदवलेल्याच मशीनवरून खेळायचा नियम. आणि नुसत्या पंख्यानं कुठलीही वस्तू खोलीपेक्षा गार होत नाही, हा त्याहून मोठा नियम. खोलीच तापलेली, तर पंखा बिचारा काय करणार!

२

मग तिला माठ सुचला. माठ होता बाबांचा.

बाबा गेल्या वर्षी याच दिवसांत गेले. भर दुपारी स्कूटरवरून दतिया गेटला कैऱ्या आणायला गेले आणि परत आले ते कोरडे ठणठणीत, अंगावर घामाचा थेंब नाही, डोळे लाल. हॉस्पिटलात ओल्या चादरी झाल्या, बर्फ झाला. शाल्मली त्यांच्या उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. ते पाणी मागत होते आणि पाणी गिळता येत नव्हतं. ताप उतरलाच नाही.

यंदाच्या अक्षय तृतीयेला नीरजानं त्यांच्या नावानं उदककुंभ भरला. नवा माठ, त्यात गार पाणी, पाण्यात वाळ्याची जुडी, वर झाकण आणि झाकणावर विंझणा. विंझणा म्हणजे वाळ्याचा हातपंखा. शेजारपाजारचे त्याला बिजना म्हणतात, पण या घरात जुना शब्द टिकला आहे. गेलेल्या माणसाची तहान भागावी, त्याला गारवा लागावा, म्हणून हे सगळं त्याच्या नावानं कुणाच्या तरी हातात द्यायचं. आणि झाशीतल्या मराठी घरांचं हे दान वर्षानुवर्षं घेत आले होते ओरछा गेटचे वामनकाका. नेमके ते यंदा मुलाकडे पुण्याला गेले.

"दुसऱ्या कुणाला दे ना," शाल्मली म्हणाली होती.

"काहीतरीच काय! आपला माणूस असताना उगाच कुणालाही कसं द्यायचं? येतील काका, मग देऊ."

झालं. बाबांचं नाव घेऊन पाणी सोडलं गेलं होतं, पण घेणारा हात नव्हता. माठ जिन्याखाली बसून राहिला. नीरजा रोज सकाळी तो भरायची.

माठ झिरपतो, झिरपलेलं पाणी वाळतं, आणि भोवतीची हवा गार होते. हे शाळेतलं विज्ञान. शाल्मलीनं तो उचलून वर नेला, कॅबिनेटशेजारी स्टुलावर ठेवला आणि त्याच्यामागे टेबलफॅन लावला. विंझणा खिळ्याला अडकवला. "वर सावली आहे, तिथे बरा राहील," असं आईला सांगितलं. ते काही खोटं नव्हतं.

३

गुण लगेच आला. सरावाला बसल्यावर चित्र असं चाललं की रेवा ओरडलीच.

"अरे वाह! एक बार भी नहीं अटका! क्या किया तूने?"

"मटका लगाया."

"मतलब?"

"मतलब मटका, यार. पानी वाला."

बाकीच्या चौघी खदाखदा हसल्या. शाल्मलीही हसली, कितीतरी दिवसांनी.

दिवसामागून दिवस कार्डाचं तापमान उतरत गेलं. आधी तिला बरं वाटलं, मग नवल वाटलं, आणि मग एका दुपारी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघून तिनं खेळ मध्येच थांबवला. खोलीत बेचाळीस होतं. कार्ड तेवीसवर होतं. तेही पूर्ण जोर लागलेला असताना.

सेन्सर बिघडला, दुसरं काय! तिनं खात्री करायला कोरोनाच्या वेळची ती ताप मोजायची बंदूक ड्रॉवरमधून काढली. स्वतःच्या कपाळाला लावली. आकडा बरोबर आला. कार्डाकडे रोखली. आकडा आलाच नाही, नुसतं 'लो' आलं. अंगाच्या तापापेक्षा फारच गार काही समोर आलं की ती तसंच दाखवते. मग तिनं बोट लावून पाहिलं. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्यासारखं लागलं.

कार्डाचे स्वतःचे पंखे थांबलेले होते. गार असलं की ते थांबतात, त्यात काही विशेष नाही. विशेष हे की टेबलफॅनही बंद होता. प्लग अर्धवट निघाला होता, आणि कधीपासून निघाला होता देव जाणे.

माठाची करामत, तिनं ठरवलं. झाशीची हवा इतकी कोरडी की पाणी झपाट्यानं वाळतं, म्हणून एवढा गारवा. पण पंखा बंद असूनही वारा होता. हेडफोन काढल्यावर तिला तो ऐकूही आला. टेबलफॅनची घरघर नव्हे. सूं करून यायचा, थांबायचा, परत सूं करून यायचा. मधूनच एखादी टक.

तापलेली गच्ची टकटक करतेच. लोखंडी सळ्या फुगतात, हेही शाळेतलंच विज्ञान. शाल्मलीनं हेडफोन पुन्हा कानावर चढवले. जरा घाईनंच चढवले.

४

शनिवारी दुपारी नीरजा माठ बघायला वर आली. सकाळी भरलेला माठ निम्मा झाला होता. तिनं वाळा उलटा करायला आत हात घातला आणि किंचाळलीच.

"आई गं! अगं, पाणी उकळतंय हे!"

"काहीतरी काय, आई!" म्हणत शाल्मलीनं हात घातला आणि तसाच बाहेर काढला. बोटं लाल झाली होती. खिडकीवर ओली चादर, ऊन कुठून येत नव्हतं. हाताच्या अंतरावर कार्ड बर्फासारखं गार, आणि माठातलं पाणी पोळत होतं.

नीरजानं खिळ्यावरचा विंझणा काढला. त्याची कड काळी पडली होती, आणि वाळ्याच्या गोड वासात जळका वास मिसळला होता.

"ऊन लागलं असेल," ती म्हणाली. मग त्या काळ्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली.

शाल्मली मात्र खाली बसली. तिला बारावीच्या परीक्षेचे दिवस आठवले. संध्याकाळी लाइट गेली की बाबा तिच्या खुर्चीमागे उभे राहून विंझणा हलवायचे. सूं, आणि थांबणं, आणि परत सूं. मध्ये विंझणा तिच्या कानाला लागला तर तो भुईला टेकवायचे, टक. अंगाला लागलेला पंखा भुईला टेकवावा, नाहीतर माणूस आजारी पडतं, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. नीरजा स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, पुरे आता. हात भरून येतील." त्यावर बाबा म्हणायचे, "एवढं पान होऊ दे तिचं." क्षणभर थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. एका सांगण्यात ते कधी थांबलेच नाहीत.

उष्णता नाहीशी होत नसते. एकीकडून निघाली की दुसरीकडे जाते, कुणाच्या तरी अंगावर जाते. हे शाल्मलीला पक्कं ठाऊक होतं. कार्ड थंड ठेवणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? मग इतक्या दिवसांची ही सगळी आग कुठे गेली?

ती घाबरली, खरं आहे. पण भीतीपेक्षा तिला भडभडून आलं. ज्या माणसाचा ताप तिला उतरवता आला नव्हता, त्याच माणसाला तिनं या भट्टीशी उभं केलं होतं. पाणी दाखवून, प्यायला न देता.

"आई," ती डोळे पुसून उठली. "हे उद्या घरातून जायला पाहिजे. मॅचच्या आधी."

५

"वामनकाकांचं आहे ते," सकाळी नीरजानं एकदा म्हणून पाहिलं.

"काका पुण्यात एसीत बसलेत, आई. तहान कुणाला लागलीय ते बघ ना."

मग नीरजानं स्वतःच माठ रिकामा केला, घासला, ताजं पाणी भरलं, वाळा बदलला. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक म्हातारा ई-रिक्षावाला गमछा तोंडावर घेऊन बसला होता. शाल्मलीनं माठ त्याच्यापुढे धरला, नीरजानं बाबांचं नाव घेऊन पळीभर पाणी त्याच्या हातावर सोडलं, आणि म्हाताऱ्याला काही कळायच्या आत त्याला वाकून नमस्कार केला.

"अरे अम्मा जी, जे का करतीं!" तो बिचारा ओशाळून उभाच राहिला. मग ओंजळ लावून प्यायला, मानेवर शिंपडून घेतलं, पुन्हा प्यायला. "बिटिया, जे तो बरफ है बरफ! जुग जुग जियो."

"मटका आपका है, बाबा. बिजना भी. ले जाइए."

रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दोघी उन्हात उभ्या होत्या. नीरजानं पदरानं तोंड पुसलं. शाल्मलीला कितीतरी हलकं वाटलं. आता कार्ड तापलं तर तापू दे, आपल्या हिमतीवर खेळू, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं.

६

आणि खेळलीही तशीच. पाय बादलीत, मानेवर ओला टॉवेल, टेबलफॅन पूर्ण वेगात. चित्राची झकपक तिनं मुद्दाम कमी करून टाकली होती. सुंदर दिसायची गरज नव्हती, चालायची होती. खिडकीवरच्या चादरीवर ती मधल्या वेळात तांब्यानं पाणी मारत होती. पहिला डाव जिंकल्या. दुसरा हरल्या. तिसऱ्यावर सगळं आलं.

कार्ड चढत चढत ऐंशीच्या वर गेलं. माणसाला तापावं तसं प्रामाणिकपणे तापलं, आणि शाल्मलीला त्याचाच धीर वाटत होता. बरोबरीवर शेवटचा राउंड सुरू झाला तेव्हा चित्र पहिल्यांदा अडखळलं.

"शाल्मली, क्या हो रहा है?" रेवा ओरडली.

"कुछ नहीं. खेलो."

दुसऱ्यांदा अडखळलं. तिनं दात आवळले. टीममधल्या एकेक करून बाद झाल्या, रेवाही गेली. उरली शाल्मली आणि समोरचा एक. आणि तेवढ्यात कोपऱ्यातला आकडा उतरायला लागला.

ऐंशी. सत्तर. पन्नास. हेडफोनमधल्या गोळ्यांच्या आवाजातूनही तिला ते ऐकू आलं. सूं. थांबणं. सूं.

"नको, बाबा."

"क्या? क्या बोली?"

"बाबा, नको ना! पुरे!"

आवाज उलट जलद झाला. आकडा तिशीच्या खाली आला. चित्र रेशमासारखं चालायला लागलं. समोरचा भिंतीआडून बाहेर आला, पाठमोरा, अगदी तिच्या निशाण्यावर. एक बोट दाबायचं होतं. बंगलोर एवढंसं, बोटाच्या टोकावर होतं. आणि खोलीत जळक्या वाळ्याचा वास भरला, आणि तिच्या खुर्चीमागे कुणीतरी कोरड्या घशानं श्वास घेतला, हॉस्पिटलात त्या संध्याकाळी ऐकला होता तसा.

शाल्मलीनं बोट उचललं, वाकली आणि भिंतीवरच्या बोर्डाचं मुख्य बटण बंद केलं.

७

सगळं एकदम शांत झालं. पडदा काळा, टेबलफॅन थांबत थांबत थांबला. फोनवर रेवाचं नाव लागोपाठ येत होतं. तिनं फोन पालथा घातला. संपलं. उद्या साहेबांना फोन करायचा, आणि त्या खुर्चीत जाऊन बसायचं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी थांबवलं, एवढं तिच्या मनात होतं. या खेपेला तरी थांबवलं.

मग तिच्या मानेवरचा घाम वाळला.

आधी बरं वाटलं. एवढ्या उकाड्यात बरं वाटणारच. खिडकी बंद, दार लोटलेलं, पंखा बंद, आणि मानेवर गार झुळूक. येत होती, थांबत होती, येत होती. तिच्या हातांवर शहारे आले. बादलीतले पाय तिनं बाहेर काढले, कारण तिच्या गार पडलेल्या पायांना ते पाणी आता गरम लागत होतं.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या काळ्या पडद्यात तिची खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीच्या वर काहीतरी एका लयीत हलत होतं. तिनं डोळे खाली घेतले.

नीरजा लगबगीनं वर आली. "लाइट गेली का गं? खाली तर आहे. काय झालं, हरलीस?" शाल्मली बोलेना, तेव्हा तिनं जवळ येऊन तिच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगं, किती गार पडलीस! शाल्मली! बोल ना काहीतरी!"

टेबलावर ती बंदूक पडली होती. नीरजानं ती लेकीच्या कपाळाला लावली. दोनदा लावली. दोन्ही वेळा 'लो'.

शाल्मलीच्या उजव्या कानाला काहीतरी खरखरीत लागलं. वाळ्याच्या काड्यांसारखं, ओलसर, कडेला जळकं. आणि खुर्चीमागे, खाली फरशीवर, आवाज झाला. टक.

नीरजानं मान वर केली. लेकीच्या डोक्यावरून पलीकडे, जरा उंचावर बघत राहिली, एखाद्या उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तेवढ्या उंचीवर. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिनं बंदूक टेबलावर ठेवली, पदर सावरला, आणि स्वयंपाकघरातून बोलायची तशा साध्या सुरात म्हणाली,

"अहो, पुरे आता. हात भरून येतील."

झुळूक थांबली. शाल्मलीनं श्वास रोखून धरला. खालच्या कूलरमधून पाणी ठिबकत होतं तेवढं ऐकू येत होतं.

मग वारा पुन्हा सुरू झाला.